गिनी पिगसाठी पेलेट आणि व्हिटॅमिन सी: आधी हिशेब, मग खरेदी

गिनी पिगच्या खाण्यात सगळ्यात जास्त चूक होते ती क्रमाची. आधी रंगीत, आकर्षक पाकीट घरात येतं. मग कोणीतरी सांगतं म्हणून पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब येतात. वजन, लेबल, तारीख आणि वाळलेलं गवत यांची आठवण प्राणी सुस्त पडल्यावर होते. हा क्रम उलटा करायचा आहे. आपल्या प्राण्याला रोज किती व्हिटॅमिन सी लागतं आणि त्यातलं किती त्याच्या पोटात आधीच जातंय, हे कळल्याशिवाय कोणतं पेलेट (दाबून बनवलेलं दाणेदार खाद्य) घ्यावं आणि सप्लिमेंट, म्हणजे वरून द्यायचं व्हिटॅमिन, लागणार की नाही, याचं उत्तर मिळत नाही.

माणसाप्रमाणेच गिनी पिगचं शरीरही व्हिटॅमिन सी स्वतः तयार करू शकत नाही आणि त्याचा साठाही फारसा राहत नाही. खाण्यात ते पुरेसं नसेल, तर दोन-तीन आठवड्यांतच त्रास दिसू लागतो. त्यामुळे महिन्यातून एकदा भरपूर देण्यापेक्षा रोज थोडं आणि नेमकं देणं महत्त्वाचं.

## तयारी: खरेदीआधी हाताशी ठेवायच्या गोष्टी

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, काट्यावर ठेवता येईल असा खोल डबा, सुई नसलेली १ मिलीची सिरिंज आणि एक वही. एवढं पुरतं. यातला काटा मात्र टाळू नका. हातात उचलून “वजन ठीक वाटतंय” म्हणणं फसवं असतं, कारण दाट केसांखाली अंग उतरलेलं दिसत नाही.

प्रत्येक प्राण्याचं वजन वेगळं करा. आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, मग प्राणी डब्यात ठेवा. तो हलत असेल तर आकडा स्थिर व्हायची वाट बघा किंवा डब्यात हिरव्या पाल्याची एखादी काडी टाका, म्हणजे तो खाण्यात गुंततो. प्रौढ गिनी पिगचं वजन साधारण ७०० ते १,२०० ग्रॅमच्या दरम्यान असतं. पण आपल्याला पुढे लागणार आहे तो त्याच प्राण्याचा मागच्या आठवड्याचा आकडा, सरासरी नव्हे.

## टप्पा १: गवत पक्कं करा

हा टप्पा पेलेटचा नाही, तरीही पहिला आहे. टिमोथी किंवा तत्सम वाळलेलं गवत चोवीस तास समोर हवं. आहाराचा बहुतांश भाग तेच असतं. गिनी पिगचे सगळे दात, अगदी दाढाही, आयुष्यभर वाढत राहतात आणि लांब काड्या चावूनच ते झिजतात. पेलेट दोन-चार चावण्यांत भुगा होतं, त्यामुळे त्याने हे काम होत नाही. आतड्यांची हालचाल सुरू राहते तीही गवतातल्या लांब तंतूंवर.

तपासा: संध्याकाळी भरलेलं गवत सकाळपर्यंत बऱ्यापैकी कमी झालंय का? तसंच राहिलं असेल आणि पेलेटची वाटी मात्र चाटूनपुसून रिकामी असेल, तर पेलेट जास्त होतंय. आणि पेलेट कमी करूनही गवताला तोंड लागत नसेल, तर दातांची तपासणी करून घ्या.

## टप्पा २: वय आणि अवस्था बघून प्रकार ठरवा

साधारण सहा महिन्यांपर्यंतची पिल्लं, गाभण मादी आणि दूध पाजणारी मादी यांना अल्फाल्फा, म्हणजे लसूणघासापासून बनवलेलं पेलेट चालतं. वाढीसाठी लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम त्यात जास्त असतं. निरोगी प्रौढासाठी टिमोथी किंवा इतर गवतापासून बनवलेलं पेलेट घ्या. प्रौढाला वर्षानुवर्षं अल्फाल्फाचं पेलेट मिळत राहिलं, तर जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं आणि मूत्राशयात खडा होण्याचा धोका वाढतो. गिनी पिगमध्ये हे खडे अतिशय वेदनादायक असतात आणि बहुतेकदा शस्त्रक्रियेशिवाय निघत नाहीत.

इथे एक चूक वारंवार होते. पिल्लू घरी आणताना घेतलेलं पेलेट त्याला आवडतं, म्हणून तेच पुढे वर्षभर चालू राहतं. वहीत आत्ताच सहा महिन्यांची तारीख लिहून ठेवा.

सावध: सशाचं पेलेट गिनी पिगला देऊ नका. ससा व्हिटॅमिन सी स्वतः तयार करतो, त्यामुळे त्याच्या खाद्यात ते घातलेलं नसतं. शिवाय सशांच्या काही खाद्यांमध्ये घातलेली औषधं गिनी पिगला घातक ठरू शकतात. पाकिटावर दोन्ही प्राण्यांची चित्रं असतील, तरी व्हिटॅमिन सीचा आकडा लिहिलेला नसेल तर ते परत ठेवा.

## टप्पा ३: लेबल उलटं करून वाचा

पाकिटाची पुढची बाजू सोडून द्या. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरात असतं.

सुरुवात घटकांच्या यादीपासून करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून पहिलं नाव गवताचं हवं. पहिल्या दोन-तीन नावांत मका, गहू किंवा सोयाबीनचा कोंडा असेल, तर ते पेलेट धान्याचं आहे, गवताचं नाव पुढच्या बाजूला कितीही मोठं छापलेलं असो. मळी, मध, साखर, सुकवलेली फळं, बिया, शेंगदाणे, कृत्रिम रंग आणि प्राणिजन्य पदार्थ यांतलं काहीही दिसलं तर ते घेऊ नका.

मग आकडे बघा. प्रौढाच्या पेलेटमध्ये कच्चे तंतू, म्हणजेच क्रूड फायबर, किमान १८ टक्के हवेत. २० च्या पुढे असतील तर आणखी चांगलं. प्रथिनं १४ ते १८ टक्के, स्निग्ध पदार्थ ४ टक्क्यांच्या आत. कॅल्शियम ०.८ टक्क्यांच्या आत असावं आणि फॉस्फरसच्या साधारण दीडपट ते दुप्पट असावं. शेवटी व्हिटॅमिन सी. ते दर किलो पेलेटमागे किती मिलिग्रॅम आहे, ते वहीत उतरवून घ्या, पाचव्या टप्प्यात लागेल.

याच यादीत व्हिटॅमिन सी कोणत्या रूपात घातलंय तेही कळतं. “स्थिर केलेलं” किंवा “स्टॅबिलाइज्ड” असं लिहिलेलं असेल, किंवा ॲस्कॉर्बिल पॉलिफॉस्फेटसारखं नाव असेल, तर ते जास्त टिकतं. नुसतं ॲस्कॉर्बिक ॲसिड असेल तर ते लवकर उतरतं.

आता रंगीबेरंगी मिश्र खाद्याविषयी. पेलेट, बिया, वाटाण्याचे पापुद्रे, लाल-पिवळे तुकडे असं सगळं एकत्र असलेलं पाकीट प्रेमाने घेतलं जातं, कारण माणसाला ते वैविध्यपूर्ण जेवण वाटतं. प्राणी मात्र गोड आणि तेलकट तेवढं वेचून खातो आणि ज्यात व्हिटॅमिन घातलेलं असतं तो पेलेटचा दाणा वाटीत तसाच ठेवतो. लेबलवरचं पोषण मग कागदावरच राहतं. बियांची टरफलं घशात अडकण्याचा धोका वेगळाच. माझं मत याबाबत ठाम आहे: सगळे दाणे एकाच रंगाचे आणि एकाच आकाराचे असलेलं, कंटाळवाणं दिसणारं पेलेटच घ्यावं.

## टप्पा ४: तारीख, पाकिटाचा आकार आणि साठवण

“अमुक तारखेपर्यंत वापरा” ही तारीख पुरेशी नाही. खाद्य खाण्यालायक असणं वेगळं आणि त्यात व्हिटॅमिन सी शिल्लक असणं वेगळं. उत्पादनाची तारीख शोधा. साधं, स्थिर न केलेलं व्हिटॅमिन सी उत्पादनापासून ९० दिवसांत जवळपास निम्म्यावर येऊ शकतं, आणि जागा उबदार असेल तर त्याहूनही लवकर. म्हणून असं पेलेट उत्पादनापासून तीन महिन्यांच्या आत संपेल असंच घ्या. स्थिर केलेल्या व्हिटॅमिनचं असेल तर पाकिटावर दिलेली मुदत पाळा, पण एकदा फोडल्यावर फार रेंगाळू देऊ नका.

पाकीट किती मोठं घ्यायचं, हे सोप्या गुणाकाराने ठरतं. एका प्रौढाला दिवसाला १५ ते २० ग्रॅम पेलेट पुरतं, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. दोन प्राण्यांना महिन्याला साधारण एक किलो लागतं. म्हणून स्वस्त पडतं म्हणून घेतलेलं पाच-दहा किलोचं पोतं अर्धं व्हायच्या आतच त्यातलं व्हिटॅमिन सी बरंचसं उडालेलं असतं.

साठवताना मूळ पाकिटातच ठेवून तोंड घट्ट बंद करा आणि ते पाकीट हवाबंद डब्यात ठेवा. पारदर्शक बरणीत ओतून उजेडात ठेवलेलं पेलेट छान दिसतं, पण उजेड, उष्णता आणि हवा हेच व्हिटॅमिन सीचे शत्रू. मूळ पाकीट फेकून दिलं की तारीखही जाते.

तपासा: मूठभर पेलेट हातात घ्या. दाणा कोरडा, घट्ट असावा आणि त्याला वाळलेल्या गवताचा ताजा वास यावा. खवट किंवा कुबट वास, दाण्यांवर पांढुरकी बुरशी, जाळी किंवा किडे दिसले तर पूर्ण पाकीट टाकून द्या. “वरचं काढून खालचं वापरू” असं करू नका, कारण बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही. पाकिटाच्या तळाशी उरणारा भुगाही वाटीत ओतू नका, तो नाकात जातो.

## टप्पा ५: व्हिटॅमिन सीचा हिशेब मांडा

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी लागतं. हिशेबासाठी २० धरा. गाभण मादीची गरज ३० किंवा त्याहून जास्त असते. आजारी प्राण्याला लागणारा डोस बराच वाढू शकतो आणि तो पशुवैद्यानेच ठरवायचा असतो.

उदाहरण म्हणून ९०० ग्रॅमचा एक निरोगी प्रौढ घेऊ. ०.९ गुणिले २०, म्हणजे त्याची रोजची गरज १८ मिलिग्रॅम.

पेलेटच्या पाकिटावर दर किलोमागे ५०० मिलिग्रॅम लिहिलंय. आकडा मोठा वाटतो, पण तो किलोभर खात नाही. १५ ग्रॅम पेलेटमधून त्याला ७.५ मिलिग्रॅम मिळतं, तेही पेलेट ताजं असेल तर. पाकीट दोन-तीन महिन्यांचं असेल तर निम्मंच धरा: साधारण ४ मिलिग्रॅम.

आता भाजी. लाल ढोबळी मिरचीत १०० ग्रॅममागे साधारण १२५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी असतं, हिरवीत ८० च्या आसपास. म्हणजे लाल ढोबळीचा २५ ग्रॅमचा तुकडा एकट्यानेच ३० मिलिग्रॅम देतो. हिरवीचा तेवढाच तुकडा २० देतो. आपल्या प्राण्याची गरज १८ आहे. तो हा तुकडा रोज पूर्ण खात असेल, तर हिशेब इथेच पुरा झाला. सप्लिमेंट लागत नाही.

हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. पण बाटली विकत घेण्याआधी हा साधा गुणाकार केला, तर बऱ्याच निरोगी प्राण्यांच्या बाबतीत उत्तर हेच येतं. उलट “मी रोज भाजी देते” एवढ्याने भागत नाही. काकडी किंवा आइसबर्ग लेट्यूस रोज दिलं, तर त्यात मुख्यतः पाणीच असतं. काकडीत १०० ग्रॅममागे जेमतेम ३ मिलिग्रॅम. पार्सलीत व्हिटॅमिन सी भरपूर असतं, पण कॅल्शियमही बरंच असतं, म्हणून ती रोजच्या मुख्य भाजीऐवजी अधूनमधून थोडी द्यावी. फळ गोड असल्यामुळे रोजचा स्रोत म्हणून बसत नाही.

तपासा: भाजी वाटीत टाकली म्हणजे पोटात गेली असं नाही. दोन प्राणी एकत्र राहत असतील तर दबंग असतो तो दोघांचा वाटा खातो. हिशेब करण्याआधी दोन-तीन दिवस समोर बसून कोण काय खातंय ते बघा, किंवा तुकडे पिंजऱ्याच्या दोन टोकांना ठेवा. भाजी कापून ठेवली की व्हिटॅमिन सी उतरू लागतं, म्हणून देण्याच्या वेळीच कापा.

## टप्पा ६: तूट असेल तरच सप्लिमेंट, आणि फक्त व्हिटॅमिन सीचं

प्राणी भाजी खातच नसेल, नुकताच घरी आलेला असेल, गाभण असेल, आजारातून उठत असेल, किंवा पाचव्या टप्प्यातला हिशेब कमी पडत असेल, तर सप्लिमेंट घ्या. घेताना चार गोष्टी बघा.

१. त्यात फक्त व्हिटॅमिन सी असावं. मल्टिव्हिटॅमिन नको. पेलेटमध्ये ए आणि डी आधीच असतं. ही दोन्ही चरबीत विरघळतात, शरीरात साठतात आणि अती झाली तर विषारी ठरतात. डी जास्त झालं तर मूत्रपिंडासारख्या मऊ अवयवांत कॅल्शियम साचतं. बी गटातली व्हिटॅमिनं आतड्यातले जंतू तयार करतात आणि आपल्याच मऊ लेंड्या परत खाऊन गिनी पिग ती मिळवतो, त्यामुळे निरोगी प्राण्याला ती वेगळी द्यायची गरज नसते.

२. डोस मोजता यावा. एक गोळी किंवा एक मिली यात नेमके किती मिलिग्रॅम आहेत, ते लिहिलेलं हवं. “रोज काही थेंब” एवढंच लिहिलेली बाटली घेऊ नका.

३. साखर, कृत्रिम गोडवा आणणारे पदार्थ आणि रंग नसावेत. माणसांच्या चघळायच्या गोळ्या इथेच बाद होतात. शिवाय त्या बहुतेक ५०० मिलिग्रॅमच्या असतात आणि त्यातून २० मिलिग्रॅमचा तुकडा नेमका निघत नाही. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यात सोडियम भरपूर असतं.

४. कॅल्शियम ॲस्कॉर्बेट शक्यतो टाळा, विशेषतः ज्या प्राण्याला आधी खड्याचा त्रास झालाय त्याच्यासाठी. नकळत कॅल्शियम वाढतं.

मिठाचे आणि खनिजांचे चाटायचे ठोकळेही याच वेळी टोपलीत येतात. ते लागत नाहीत. नीट बनवलेल्या पेलेटमधून क्षार पुरेसे मिळतात.

सावध: पिण्याच्या पाण्यात व्हिटॅमिन सी टाकू नका. पाण्यात, उजेडात आणि धातूच्या संपर्कात ते झपाट्याने नष्ट होतं. एका दिवसात निम्म्यापर्यंत उतरू शकतं. प्राणी दिवसभरात किती पाणी पितो यावर डोस ठरणार, म्हणजे डोस माहीतच नाही. आणि चव बदलल्यामुळे त्याने पाणी पिणंच कमी केलं तर एक अडचण सोडवायला जाऊन दुसरी ओढवून घेतली. पाणी साधं आणि स्वच्छच असू द्या.

## टप्पा ७: तोंडाने देण्याची पद्धत

गोळी गोडीने खाणारे प्राणी असतात. हिशेबाचा तुकडा हातावर धरून बघा, तो पूर्ण खाईपर्यंत थांबा.

द्रवरूप असेल तर आधी गणित. बाटलीवर १ मिलीत ५० मिलिग्रॅम लिहिलंय आणि तुम्हाला १० मिलिग्रॅमची तूट भरायची आहे, तर ०.२ मिली. सिरिंजमध्ये तेवढंच ओढा आणि हवेचा बुडबुडा काढून टाका.

प्राण्याला टॉवेलवर, चारही पाय टेकवून बसवा. त्याची पाठ तुमच्या पोटाशी येऊ द्या, म्हणजे तो मागे सरकणार नाही. एक हात छातीखालून घ्या. समोरचे दात आणि दाढा यांच्यामध्ये गालाच्या बाजूला मोकळी जागा असते. सिरिंजचं टोक तिथे, बाजूने आत सरकवा. समोरून घुसवलं तर तो दातांनी अडवतो. थेंबभर सोडा, जबडा हलताना दिसला की पुढचा थेंब.

सावध: त्याला पाठीवर झोपवून काहीही पाजू नका आणि सगळं एका दमात ढकलू नका. द्रव श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो.

बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा. गोळ्या पिवळट-तपकिरी पडल्या किंवा द्रवाचा रंग गडद झाला, तर ते निकामी झालं असं समजून बदला.

डोस वाढवण्याचा मोह आवरा. जादा व्हिटॅमिन सी लघवीतून निघून जातं हे खरं, पण महिनोन्‌महिने फार मोठा डोस देऊन तो एकदम थांबवला, तर प्राण्यात कमतरतेची लक्षणं दिसू शकतात. आधी जास्त दिलं गेलं असेल तर काही आठवड्यांत हळूहळू खाली आणा.

## टप्पा ८: जुनं पेलेट बदलून नवं सुरू करणं

लहानपणी जे खाल्लं तेच अन्न, अशी गिनी पिगची पक्की समजूत असते. नुसता दाण्याचा आकार बदलला तरी काही जण वाटीला तोंड लावत नाहीत. “भूक लागली की खाईल” हा नियम या प्राण्याला लावू नका. उपाशी राहिला तर त्याची आतडी थंडावतात आणि यकृतावर ताण येतो.

१० ते १४ दिवस हाताशी ठेवून बदला. पहिले तीन-चार दिवस तीन भाग जुनं, एक भाग नवं. मग अर्धं-अर्धं. मग एक भाग जुनं, तीन भाग नवं. याच काळात नवी भाजी किंवा नवं सप्लिमेंट सुरू करू नका, नाहीतर पोट बिघडलं तर कशामुळे ते कळणार नाही. जुनं पाकीट पूर्ण संपायच्या आधी नवं आणायचं ते यासाठीच.

तपासा: लेंड्या रोज बघा. भरीव, लांबट, एकसारख्या असतील तर पुढच्या पायरीवर जा. लहान, कोरड्या, टोकदार झाल्या किंवा मऊ पडल्या, तर एक पायरी मागे या आणि गवत वाढवा.

## टप्पा ९: आठवड्याची पाहणी, आणि कधी थांबून पशुवैद्याकडे जायचं

आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच डब्यात वजन. ३०-४० ग्रॅमचा चढउतार पोट भरलेलं आहे की रिकामं यावरही होतो. आठवड्यात ५० ग्रॅमच्या वर घट झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा आणि रोज मोजत राहा. घट १०० ग्रॅमकडे गेली किंवा एकूण वजनाच्या १० टक्क्यांवर पोचली, तर वाट बघू नका.

व्हिटॅमिन सीच्या कमतरतेची सुरुवात गाजावाजा न करता होते. प्राणी हलायला नाखूश असतो, उड्या मारणं बंद होतं, उचलल्यावर किंचाळतो, कारण सांधे दुखत असतात. केस राठ होतात, जखम भरत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, खाण्याकडे जातो पण चावत नाही. यातली काही लक्षणं दातांच्या आजारातही दिसतात, म्हणून घरच्या घरी डोस वाढवून पाहू नका, तपासून घ्या. जाताना वही, पेलेटच्या पाकिटाचा फोटो आणि सप्लिमेंटची बाटली बरोबर न्या.

लघवी वाळल्यावर कधीतरी पांढरी पावडर दिसणं चालतं. ती वाळूसारखी खरखरीत लागली, लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी करताना प्राणी कुंथू लागला, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि सगळ्यात तातडीची गोष्ट: प्राण्याने अर्धा दिवस काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकणं थांबलं, तर ती आणीबाणी आहे. तेव्हा पेलेट कोणतं, व्हिटॅमिन किती, हे सगळं बाजूला ठेवून लगेच गिनी पिगवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला फोन करा. असा पशुवैद्य कोण, हे आजच शोधून त्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रात्री तो उपलब्ध नसेल तर कुठे जायचं, तेही त्याच पानावर लिहा.